पुंगळ्यांच्या माना

ही गोष्ट एकोणीसशे छप्पन सालच्या जानेवारीतली. संक्रांत नुकतीच होऊन गेली होती, तिळगुळाच्या डब्याच्या तळाशी अजून थोडे लाडू उरले होते, आणि मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं रेडिओवर सांगून झाल्यापासून गिरगाव पेटलेलं होतं. कालिंदी स्टोव्हला पिन मारत बसली होती. तिचा नवरा हेरंब खालून वर आला, त्याने वहाणा दाराशी नीट जोडून ठेवल्या, आत येऊन खिशातून रुमाल काढला आणि गाठ सोडून त्यात जे होतं ते पोळपाटावर ओतलं. पितळेच्या रिकाम्या पुंगळ्या होत्या. गोळी सुटून गेल्यावर बंदूक मागं टाकते त्या. लाकडावर पितळ सांडल्याचा तो जड, भरीव आवाज ऐकून तिच्या मनात पहिल्यांदा आलं ते एवढंच, की आता पोळपाट धुवायला हवा. "अगं, बघ तरी," हेरंब म्हणाला, "एकाच कारखान्यातल्या, एकाच सालातल्या. एकही चेपलेली नाही." भिंतीपलीकडून राधाबाईंचा आवाज येत होता. ते आता रडणं राहिलं नव्हतं. जात्याची घरघर असावी तसा एकाच सुरात तो चालला होता. कालिंदीने एक पुंगळी उचलली. ती कोमट होती. ही ऊब हेरंबच्या खिशाची की आणखी कशाची, हे तिला ठरवता येईना, आणि ठरवता येत नाही म्हणून ती हातातून खालीही ठेवता येईना.

अर्ध्या तासापूर्वी ती गॅलरीत उभी होती. शेजारच्या राधाबाईंचा जयवंत, एकुलता एक, छापखान्यात खिळे जुळवायचं काम करणारा, दूधकेंद्र उघडलंय का बघून येतो म्हणून खाली उतरला होता. हातात पितळी बरणी होती आणि ती तो पोरकटासारखी गोल फिरवत चालला होता. गल्लीच्या तोंडाशी बंद पानपट्टीपुढं पोलीस उभे होते. लांब मुख्य रस्त्यावर आरडाओरडा होता, इकडं काहीच नव्हतं. इकडं फक्त जयवंत होता आणि एक कुत्रं. पोलिसांनी बंदुका वर केल्या, बहुतेक मुख्य रस्त्याकडून धावत आलेल्या कुणावर, आणि जयवंत बरणीसकट खाली बसला. बसला, असंच तिला दिसलं. दमलेला माणूस बसतो तसा. मग तो आडवा झाला. पोलीस पुढं गेल्यावर चाळीतले पुरुष चादर घेऊन धावले. हेरंबही गेला. चौघांनी जयवंताला चादरीत घेतलं, तेव्हा हेरंब मागं राहून उजवीकडं गटाराच्या कडेला वाकला. सगळ्यांना वाटलं, तो जयवंताची उडालेली चप्पल शोधतोय. चप्पल त्याने उचललीही. वर आल्यावर राधाबाईंच्या दारात ती त्याने हळूच, उलटी पडणार नाही अशी ठेवली. पण कालिंदीला नवऱ्याचं वाकणं ओळखू येत होतं. बंदूक पुंगळी उजवीकडं फेकते, हे त्यानेच तिला शिकवलं होतं. पोलीस आपल्या पुंगळ्या वेचून नेतात, त्यांना हिशोब द्यावा लागतो. पण पानपट्टीच्या फळीखाली गेलेल्या नेत नाहीत, कारण खाली वाकायला त्यांना वेळ नसतो. हेरंबला होता.

हेरंब फोर्टातल्या एका विमा कंपनीत कारकून होता. त्याला ना तंबाखूचं व्यसन, ना नाटकाचं, ना भजनी मंडळाचं. रविवारी तो रायफल क्लबात जायचा आणि दूरच्या गोल ठिपक्यावर गोळ्या मारायचा. पोलिसांच्याच मापाची त्याची परवान्याची रायफल क्लबातच राही. काडतुसं मात्र तो घरी भरायचा, कारण विकतचं काडतूस, तो म्हणे, म्हणजे खानावळीचं जेवण; पोट भरतं, चव सारखी नसते. जुन्या पुंगळीच्या बुडातली वापरलेली केप, म्हणजे ठिणगी पाडणारी टिकली, आत पाणी भरून ठोक्याने काढायची, नवी बसवायची, दारू तोलून घालायची, आणि वर शिसाची गोळी बसवायची. यातलं सगळं कुणालाही जमेल. खरी मेख पुंगळीच्या मानेत. पुंगळी वर जिथं अरुंद होते आणि गोळीला धरते ती तिची मान. कारखान्यातून येते तेव्हा ती एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ असते. डोळ्यांना दिसत नाही, पण असते. मग गोळी किंचित तिरकी बसते आणि ठिपक्यापर्यंत पोचताना त्या किंचितचं बोटभर होतं. म्हणून मान तासायची. पुंगळीच्या तोंडात अगदी तंतोतंत सळई घालायची, बाहेरून बारीक पातं लावायचं आणि पुंगळी हाताने फिरवायची. जाड बाजूचं पितळ केसासारख्या कुरळ्या किसाने सुटत जातं, पातळ बाजूला पातं नुसतं घासून जातं, आणि मग एक क्षण असा येतो की चारी बाजूंनी मान सारखी होते. त्याच्यापुढं एक फेरासुद्धा नको. जास्त तासली तर मान फुटते. हे हत्यार त्याने एका विलायती मासिकातलं चित्र दाखवून माझगावच्या गोदीतल्या फिटरकडून करून घेतलं होतं, आणि देवघराच्या खालच्या कप्प्यात ठेवलं होतं.

लग्नाला तेव्हा चार-पाच वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. हेरंब वाईट नवरा नव्हता. त्याने कधी हात उगारला नाही, आवाज चढवला नाही. ताट पुढं आलं की जेवे, अंथरूण घातलं की झोपे. कालिंदी त्या घरात भिंतीवरच्या खुंटीसारखी होती; तिच्यावर काही अडकवायचं असलं की तिच्याकडं बघितलं जाई. एकदा, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, त्याचं पातं एका मानेला अडखळत होतं आणि तो चरफडत होता. ती सहज म्हणाली, "अहो, इकडं अजून जाड आहे." त्याने मायक्रोमीटर लावला. होतं. त्याने दुसरी पुंगळी दिली, तिसरी दिली. ती अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत मान धरायची, एकदा फिरवायची आणि जाड बाजू सांगायची. दादरला माहेरी लहानपणापासून तिने आईबरोबर देवाच्या वाती वळल्या होत्या. वात कुठं जाड झाली हे डोळ्यांनी बघणाऱ्या मुलीला आई हसायची. तेच बोटांत उतरलं होतं. त्या दिवशी हेरंबने तिच्याकडं बघितलं. तिच्या बोटांकडं नव्हे, तिच्याकडं. "तुला कळतं," तो म्हणाला. मग संध्याकाळी दिवेलागण झाली की दोघं गुडघ्याला गुडघा लावून बसायची, ती फिरवायची, तो मोजायचा. "वा." "अजून एक." "हां, बास." एवढ्या शब्दांसाठी ती दिवसभर जगायची असं म्हटलं तर कुणाला खोटं वाटेल, पण ज्या घरात दिवसभर कुणी तीन शब्द बोलत नाही तिथल्या बायकांना विचारा.

सासरे तात्या बाहेरच्या खोलीत आरामखुर्चीत असत. पोर्ट ट्रस्टातून निवृत्त झालेले, तोंडाने तिखट. "आमच्या घरात पाळणा हलत नाही, पण पितळ हलतं," असं ते आल्यागेल्यासमोर म्हणत आणि स्वतःच हसत. तेही एक वेळ परवडलं. राधाबाईंचं बोलणं वेगळं होतं. वरच्या मजल्यावरच्या लतिकाचं डोहाळजेवण होतं, बायका जमल्या होत्या, कालिंदी ओटी भरायला तांदूळ घेऊन पुढं सरकली, आणि राधाबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "कालिंदी मागं बसूंदे गो. लतिका पहिलटकरीण आहे, उगाच कशाला?" आवाजात राग नव्हता. पंगतीत मीठ कुणीकडून वाढायचं हे सांगावं तसं सांगितलं. कालिंदी मागं बसली. तिच्या मुठीत तांदूळ होते, घामाने ते चिकटले, आणि घरी येऊन मूठ उघडली तेव्हा तळव्यावर त्यांचे वळ होते. संध्याकाळी जयवंत दारात आला. "वहिनी," तो म्हणाला, "आमच्या आईचं तोंड आणि गिरणीचा भोंगा, दोन्ही वेळेवर वाजतात. कुणासाठी वाजतात असं नसतं." ती हसली नाही तेव्हा तो आत डोकावला, जमिनीवरचा पितळेचा किस चिमटीत घेऊन मिशीला लावला आणि म्हणाला, "कारखानदारीणबाई, मला नोकरीला ठेवा." मग ती हसली. एवढंच. त्याच्यात नि तिच्यात याहून काही नव्हतं. पण एवढ्याशा गोष्टीही माणसाच्या आयुष्यात फार थोड्या असतात.

संचारबंदी उठली, दुकानं उघडली, आणि दोघं कामाला बसली. आधी चिंचेचा कोळ घालून पुंगळ्या उकळायच्या. देवाची भांडी ज्या चिंचेने घासायची तीच. गल्लीतली धूळ त्यांच्या तोंडात होती. एकीत पानाच्या देठाचा तुकडा निघाला. मानेवर गोळीच्या ज्वाळेचा काळा डाग होता, तो कोळाने निघाला आणि खालून पितळ लग्नातल्या समईसारखं वर आलं. हेरंबने मान तापवून पाण्यात टाकली तेव्हा चर्र झालं. त्यांची एक पद्धत होती. सगळ्या एकदम करायच्या नाहीत, थोड्या थोड्या घेऊन शेवटापर्यंत न्यायच्या. काही पुऱ्या झालेल्या, काही जशा उचलल्या तशा, जुन्या केपांसकट डब्यात. कालिंदीने पहिली मान हातात घेतली. फार चांगलं पितळ होतं. मऊ, एकजीव, पात्याखाली किस तुटत नव्हता, सलग सुटत होता. हे तिला आवडलं. आवडतंय हे कळल्यावर तिने मान वर केली आणि भिंतीकडं बघितलं, आणि पलीकडं राधाबाई भांडं घासत होत्या त्याचा आवाज ऐकला, आणि पुन्हा मान खाली घालून एक फेरा दिला. "बास," हेरंब म्हणाला. "वा."

दोन आठवडे गेले असतील. दुपारी राधाबाईंनी तिला चहा करायला बोलावलं, त्यांच्याच घरात. त्यांना स्टोव्ह पेटवणं होत नव्हतं, आणि घरी चिंतामणी वकील आले होते. तरुण होते, समितीचं काम करत, खादीच्या सदऱ्याला शाईचा डाग होता. ट्रंकेवर बसून ते जे सांगत होते ते कालिंदीने स्टोव्हपाशी ऐकलं. सरकारी म्हणणं असं होतं की या गल्लीत गोळी चाललीच नाही. मुख्य रस्त्यावर कापडाचं दुकान लुटलं जात होतं, तिथं चालली. जयवंत त्या लुटारूंत होता, तिथं त्याला लागली, आणि लोकांनी त्याला उचलून इथं आणून टाकला. "माझ्या पोरानं दुसऱ्याच्या झाडाची पडलेली कैरी कधी उचलली नाही हो," राधाबाई म्हणाल्या. "गेला तो गेला. सगळ्यांचेच जातायत. पण चोर म्हणून? माझा जयवंत चोर म्हणून?" चिंतामणी म्हणाले, "आई, आपल्याला कळतं. त्यांना वस्तू हवी. चाळीतली माणसं बोलतील, पण ती तुमची माणसं. भिंतीत रुतलेली गोळी, कोपऱ्यावर सापडलेली एक पुंगळी, काहीही. एक पुंगळी जरी मिळती, पोलीस या कोपऱ्यावर उभे राहून झाडत होते हे दाखवता आलं असतं. पण ते वेचून गेले असणार." कालिंदी कपात चहा ओतत होती. चहा काठापर्यंत आला आणि तिथं थांबला, एक थेंब बाहेर सांडला नाही. "तू तर गॅलरीत असायचीस ना गो," राधाबाई तिला म्हणाल्या, "तुला काय दिसलं?" "दार लावलं होतं आम्ही," कालिंदी म्हणाली. "तात्यांना आवाज सोसत नाही."

संध्याकाळी तिने हेरंबला सांगितलं. तो शर्ट काढून खुंटीला लावत होता. "मग दे की," तो शांतपणे म्हणाला. "माझी कुठं ना आहे? निम्म्या अजून तशाच आहेत. दे. पण त्या कुठून आल्या हे सांगायला मला उभं राहावं लागेल. दंगलीतल्या सरकारी पुंगळ्या उचलून घरात ठेवल्या म्हणून परवाना जाईल, बहुतेक नोकरीही. आणि जयवंत काय उठून येणार आहे?" बाहेरच्या खोलीतून तात्या म्हणाले, "सूनबाई, दुसऱ्याच्या चितेला आपल्या घरचं छप्पर घालू नये. समजलं?" हेरंब खाली बसला, देवघराखालून हत्यार काढलं, सळईला तेलाचा थेंब लावला. "या महिनाअखेरच्या रविवारी मोठा सामना आहे," तो म्हणाला. "तोवर उरलेल्या होतील ना? तुझ्याशिवाय नाही व्हायच्या गं. माझ्या हाताला ते नाही." आणि त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला. मणक्याच्या बाजूला, पदराच्या कडेशी, असा हात त्याने काम नसताना कधी ठेवला नव्हता. तो ऊन होता. तिला वाटलं, एवढंच झालं असतं तरी आपण बसलो असतो. मग तिला वाटलं, नाही, हा हात हे निमित्त आहे. मी तशीही बसले असते. उद्या देऊ, असं मनाशी म्हणून ती बसली. उद्याही निम्म्यातल्या काही उरतीलच की.

नंतरचे ते दिवस तिला पुढं नेहमी एकाच संध्याकाळीसारखे आठवत. पुंगळी फिरते आहे, किस पडतो आहे, भिंतीपलीकडं कुणी समाचाराला आलं आहे, राधाबाई पहिल्यापासून सगळं सांगत आहेत, बरणी, दूधकेंद्र, "आलोच आई" म्हणाला. कालिंदी ऐकते आहे आणि बोटं आपलं काम करत आहेत. मान तापली की सळईला धरते, मग थांबावं लागतं, निवू द्यावं लागतं. त्या थांबण्यात मन कुठं कुठं जाई. एकदा ते डोहाळजेवणात गेलं. तिला दिसलं, पुन्हा कुणाचं तरी तसंच काही आहे, बायका जमल्या आहेत, आणि राधाबाई मागं, भिंतीशी बसल्या आहेत. त्यांना कुणी बस म्हटलेलं नाही, त्या आपणहून बसल्या आहेत, कारण त्यांना आता माहीत आहे की मांडी रिकामी असली की कुठं बसायचं असतं. आणि हे बघताना कालिंदीला सुख झालं. स्पष्ट, गोड, उसाचं कांडं दाताखाली फुटावं तसं. ते सुख अंगातून जाईपर्यंत तिचा हात थांबला नाही. गेल्यावर ती उठली, मोरीत जाऊन चूळ भरली, पुन्हा भरली, आणि आरशात न बघता परत येऊन बसली. "काय झालं?" हेरंबने विचारलं. "पितळेची चव आली तोंडात," ती म्हणाली. त्याने मोजलं. "वा," तो म्हणाला. ती मान सगळ्यांत चांगली उतरली होती.

राधाबाई रोज सकाळी नळावर भेटत. त्यांचं विचारणं आता सवयीचं झालं होतं, जेवलीस का विचारावं तसं. "तुला काय नाही ना दिसलं?" "नाही हो राधाबाई." "बरं. कुणाला दिसलं असेल तर सांग हो. तुझी ऊठबस आहे सगळीकडं." तिची ऊठबस कुठंच नव्हती. एकदा त्यांनी तिचा हात हातात घेतला आणि बोटं उलटी करून बघितली. तर्जनीवर पितळाचा हिरवट डाग बसला होता. "किती राबतेस गो," त्या म्हणाल्या. "जयवंत म्हणायचा, वहिनींसारखी कामसू बाई नाही या चाळीत." कालिंदी हंडा उचलून निघाली आणि जिन्यात तिला आठवलं की नळ बंद करायचा राहिला. वर येऊन तिने डबा उघडला. जुन्या केपांच्या, काळ्या मानांच्या, गल्लीची धूळ घेतलेल्या अजून होत्या थोड्या. तिने एक उचलली, पदराच्या टोकाला बांधली, दिवसभर बांधून ठेवली. संध्याकाळी हेरंबने हात पुढं केला. "अजून एक असायला हवी," तो म्हणाला. तिने गाठ सोडून दिली. त्याने ती घेऊन बाकीच्यांत ठेवली. तिच्या गाठीत ती का होती, हा प्रश्न त्याला पडला नव्हता.

सामन्याच्या आधीच्या आठवड्यात सगळं पुरं झालं. नव्या केपा, तोललेली दारू, वर गोळ्या. लाकडी पेटीत प्रत्येकाचं आपलं भोक होतं. हेरंब एकेक काडतूस काचेवर लोळवून बघत होता. मान वाकडी असली की गोळीचं टोक थरथरतं. एकाचंही थरथरलं नाही. तो हसला. लग्नापासून तिने त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं, दात दिसेपर्यंत. "दादरलाही चालली म्हणे गोळी," तो म्हणाला, "परळलाही. तिकडं कुणी वेचल्या असतील, कुणास ठाऊक." आणि कालिंदीही हसली. त्याच्याबरोबर हसायची ही पहिलीच वेळ होती, आणि हसू थांबायच्या आत तिने भिंतीपलीकडची शांतता ऐकली. त्या बाजूला कुणीतरी बोलायचं थांबलं होतं. शेजारच्या घरात कशाला हसताहेत, म्हणून थांबलं असावं. ती शांतता किती वेळ टिकली कुणास ठाऊक. तिला मात्र रात्रभर पुरली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, हेरंब कचेरीत आणि तात्या खुर्चीत घोरत असताना, तिने ती पेटी पदराखाली घेतली आणि शेजारच्या दारात गेली. चिंतामणी वकील आत होते. सोमवारी जबान्या घ्यायचं बंद होतंय, त्यानंतर सांगायला जागा राहणार नाही, हे सांगायला आले होते. कालिंदीने पेटी जमिनीवर ठेवून उघडली. "या कोपऱ्यावरच्या पुंगळ्या आहेत," ती म्हणाली. "पोलिसांच्या. पानपट्टीखाली पडल्या होत्या. मी गॅलरीत होते. मी बघितलं सगळं." वकिलांच्या चेहऱ्यावर आधी उजेड आला. मग ते वाकले, एक उचलली, उलटी करून बूड बघितलं, आणि तो उजेड गेला. "या पुंगळ्या कुठं आहेत बाई? ही भरलेली काडतुसं आहेत." "त्यांच्याच आहेत. आम्ही फक्त साफ केल्या, माना तासल्या, केपा..." "एक तरी जशीच्या तशी ठेवलीत? जुनी केप असलेली? झाडलेली दिसेल अशी?" कालिंदीने डोळे मिटले. आमच्याकडं एकही वाया जात नाही, हे वाक्य तिच्या जिभेवर आलं होतं, तिच्या घरातलं रोजचं वाक्य. "नाही," ती म्हणाली. चिंतामणींनी दार लोटलं. आवाज खाली आणला. "तुमच्या नवऱ्याकडं रायफलीचा परवाना आहे, ते म्हणतील ही त्याचीच. आणि उद्या इथं झडती झाली तर? मयताच्या घरात जिवंत काडतुसं. आज चोर म्हणतायत. मग पोरगा काडतुसं बाळगून होता म्हणतील, आणि गोळी घालणारा शहाणा ठरेल. तुम्ही साक्ष द्याल? मग पहिलं हेच विचारतील, माल कुठं आहे. घेऊन जा. आत्ताच्या आत्ता घेऊन जा." ते तिच्यावर रागावले नव्हते. तेवढा वेळ नव्हता त्यांच्याकडं.

राधाबाई इतका वेळ भिंतीशी बसल्या होत्या. त्या पुढं सरकल्या, पेटीतलं एक काडतूस काढलं, आणि देवाच्या टाकावरून फिरवावा तसा मानेवरून अंगठा फिरवला. "केवढं गुळगुळीत," त्या म्हणाल्या. "कुणी केलं गो?"

"मी."

"कधी?"

खोटं बोलायला जागा होती. सगळं आधीच झालं होतं, तुम्ही चहाला बोलावलंत त्याच्या आधी, एवढं म्हटलं असतं की ती सुटली असती. वकिलांनीही मान डोलावली असती. "निम्म्या आधी," कालिंदी म्हणाली. "निम्म्या नंतर."

"म्हणजे तू चहा ओतत होतीस तेव्हा निम्म्या तशाच होत्या."

"होत्या."

राधाबाईंनी काडतूस पुन्हा त्याच्या भोकात ठेवलं. नीट, टोक वर करून. कालिंदी शिव्यांची वाट बघत होती. थोबाडीत बसेल, केस धरून गॅलरीत ओढतील, सगळी चाळ गोळा होईल. तिला ते हवं होतं, तहान लागावी तसं हवं होतं. राधाबाईंनी पेटीचं झाकण लावलं. "पदराखाली धर," त्या म्हणाल्या. "गॅलरीत पोरं खेळतायत."

त्या रविवारी हेरंबने सामना जिंकला. चांदीचा पेला आला, तो तात्यांनी बाहेरच्या खोलीत ठेवला आणि पुढच्याच पावसाळ्यात ते वारले. जयवंताचं नाव सरकारी कागदात लुटालुटीत राहिलं. समितीच्या माणसांनी खटपट केली, मग त्यांच्यापुढं मोठी कामं आली. चिंतामणी वकील एकसष्टनंतर निवडणुकीला उभे राहिले, पडले, मग नामांकित झाले. गिरगाव सोडून गेले. साठ साली एक मेला मुंबईसह महाराष्ट्र झाला, चाळीच्या प्रत्येक दारात पणत्या लागल्या, राधाबाईंनीही लावली, आणि हुतात्म्यांची नावं घेत मिरवणूक गेली तेव्हा त्या गॅलरीत उभ्या राहून सगळी नावं शेवटापर्यंत ऐकत राहिल्या. हेरंब पंचावन्नाव्या वर्षी डोळे अधू होईपर्यंत नेम मारत होता. दर हिवाळ्यात तो पितळ आणी आणि कालिंदी तासायला बसे. कधी नाही म्हणाली नाही. अठ्ठावन्न साली तिला मुलगी झाली, ती पुढं बोरिवलीला गेली. हेरंब एकोणऐंशीत झोपेतच गेला, कुणाला त्रास न देता.

राधाबाई त्याच्या आधी गेल्या, चौऱ्याहत्तरमध्ये. शेवटचं वर्षभर त्या अंथरुणावर होत्या, आणि त्यांना दोन्ही वेळा भरवायला कालिंदीच जाई; दुसरं कोण होतं? अठरा वर्षांत त्या विषयावर दोघींत एक अक्षर निघालं नव्हतं. एका दुपारी मऊभाताचे दोन-तीन घास झाल्यावर त्यांनी तिच्याकडं बघितलं. "एक विचारू गो?" त्या म्हणाल्या. "मी इकडं रडत होते तेव्हा, ते काम करताना, तुला कसं वाटायचं?"

कालिंदीने चमच्यात भात घेतला होता. तो तिने तसाच धरला.

"बरं वाटायचं," ती म्हणाली.

राधाबाईंनी ऐकलं, आणि पुढच्या घासासाठी तोंड उघडलं.